पणजोबा १९२१ मध्ये सापडले आणि आत्या आता रुसली (जुनी जनगणना आणि तिचं कुलूप)

सूरसागरकाठची
मंडळी, लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा, असेल तर लीलो चिवडाही.

आमचे पणजोबा बडोदा दरबारच्या शिष्यवृत्तीवर १९१९ च्या शेवटी मँचेस्टरला गेले, कापड रंगवायचं शास्त्र शिकायला. १९२३ मध्ये परतले, करारनाम्याप्रमाणे दरबारची नोकरी केली, कलाभवनात शिकवलं, दांडिया बाजारातल्या वाड्यात वारले. घरात त्यांचं उरलंय काय, तर एक ओव्हरकोट (बडोद्याच्या हवेत त्याचा उपयोग फक्त मांजरीने केला), एक ग्रुप फोटो आणि 'विलायतेत असताना' ने सुरू होणाऱ्या चार गोष्टी, ज्या दर दिवाळीला थोड्या वाढतात.

इंग्लंडची १९२१ ची जनगणना तिथल्या शंभर वर्षांच्या नियमाने कुलपात होती. ६ जानेवारी २०२२ ला उघडली. मी त्याच आठवड्यात शोधलं, सापडले नाहीत. नक्कल उतरवणाऱ्याने आमच्या आडनावाचं असं काही करून ठेवलं होतं की आम्हालाच ओळखू येईना. परवा कंटाळून आडनाव सोडून दिलं, नुसतं जन्मठिकाण 'बडोदा' घातलं, आणि पणजोबा हजर! पैसे भरून मूळ पानाचं चित्र उतरवून घेतलं.

१९ जून १९२१, रविवार. घरमालकीण विधवा. तिच्या दोन मुली, दोघी गिरणीत. आणि शेवटच्या ओळीत आमचे पणजोबा: बोर्डर, म्हणजे जेवूनखाऊन राहणारे. वय २७ वर्षं ४ महिने (तेव्हा महिनेही विचारले होते). विद्यार्थी. जन्म बडोदा, इंडिया. आणि लग्नाच्या रकान्यात: अविवाहित.

लग्न १९१५ साली झालं होतं. पणजी आणि तीन वर्षांची मुलगी इथे वाड्यात होत्या.

मी हे घरच्या ग्रुपवर टाकलं. टाकायला नको होतं. आत्या (वय ७६) म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचा नसतो," आणि ग्रुप सोडून गेली. आठ दिवस फोन उचलत नाहीये.

तर प्रश्न दोन. एक, पणजोबांचे धाकटे भाऊ १९२८ ला विलायतेला गेले ते गेलेच, १९३५ नंतर पत्र नाही. त्यांच्यासाठी १९३१ ची जनगणना हवी आहे, ती कधी उघडणार? दोन, आपल्या बडोदा संस्थानाच्या १९११, १९२१ च्या घरोघरच्या याद्या कुठे आहेत? एका कचेरीत विचारलं, तर "प्रायव्हसी" एवढा एकच शब्द ऐकवून खिडकी बंद झाली.

पोळीतला पोपट
वाचतोय. मांजरीच्या ओव्हरकोटाला +१.

कोठीतला उंदीर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते वाईट आहे. याद्या नाहीत. खिडकीवरचा माणूस चुकीचं कारण सांगून बरोबर उत्तर देत होता.

बडोद्याची मोजणी ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबरच एकाच वेळी होत असे, पण अहवाल आपला स्वतंत्र निघे. १९०१ चा जमशेदजी दलाल यांचा, १९११ चा गोविंदभाई देसाई यांचा, १९२१ आणि १९३१ चे सत्यव्रत मुखर्जी यांचे. जाडजूड ग्रंथ आहेत आणि नेटवर फुकट मिळतात. वाचायला बसलात तर उठवत नाही. १८९१ साली संस्थानात २४,१५,३९६ माणसं, १९०१ साली १९,५२,६९२. दहा वर्षांत साडेचार लाखांहून जास्त खोट. छप्पनिया दुष्काळ (१८९९-१९०० चा) काय होता ते या दोन आकड्यांत दिसतं. वाढायचे तेही वाढले नाहीत, हे वेगळंच.

पण त्या ग्रंथांत नाव एकाचंही नाही. प्रगणक दारोदार जाऊन पत्रक भरायचा. १९०१ पासून त्या पत्रकावरून माणशी एक चिठ्ठी उतरवत. चिठ्ठ्यांचे रंग धर्माप्रमाणे वेगळे. मग कारकून पत्त्यांच्या कॅटसारख्या त्या वाटत बसायचे, या खणात विवाहित, त्या खणात विधुर, आणि गठ्ठे मोजायचे. मोजणाऱ्याला नावाशी कर्तव्यच नव्हतं. तक्ते छापून झाले की पत्रकं आणि चिठ्ठ्या ही अडगळ. त्या ठेवल्या नाहीत. १९४१ ला तर पत्रकाचा टप्पाही गाळला, प्रगणकाने थेट चिठ्ठीच भरली. वर युद्ध, म्हणून पुढचं तक्त्यांचं कामही आखडतं घेतलं.

इंग्लंडात कुलूप आहे, कारण आत काही आहे. आपल्याकडे खोलीच रिकामी, आणि तरी दारावर कुलूप.

टेम्सकाठी
पहिल्या प्रश्नाचं उत्तरही फारसं गोड नाही. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची सगळी पत्रकं १९ डिसेंबर १९४२ च्या रात्री मिडलसेक्समधल्या हेझ इथे गोदामाला आग लागून जळाली. युद्ध चालू होतं, पण बॉम्बने नाही, साधी आग. १९४१ ला युद्धामुळे जनगणनाच नाही. म्हणजे १९२१ नंतरची पुढची १९५१ ची, ती उघडणार २०५२ मध्ये. तीस वर्षांचं भगदाड.

पण हताश होऊ नका. २९ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू झाल्या झाल्या, ओळखपत्रं आणि रेशनसाठी इथे सगळ्यांची नोंदवही केली. ती पाहता येते. जन्माला शंभर वर्षं झालेली नसतील आणि मृत्यूचा पुरावाही नसेल तर ती ओळ काळी केलेली असते. तुमचे काकापणजोबा १९०५ च्या आसपासचे असणार, म्हणजे ते तिथे असले तर उघडे सापडतील. पूर्ण जन्मतारीख असते, धंदाही असतो. आडनाव सोडून शोधायची तुमची युक्ती इथेही करून बघा.

आणि हो, १९२१ ची उघडली तेव्हा नकलेला अडीच पौंड आणि मूळ पानाला साडेतीन पौंड असा दर होता. तेव्हा फुकट पाहायला तीनच जागा होत्या: क्यू इथलं राष्ट्रीय अभिलेखागार, मँचेस्टरचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय. मी क्यूला जाऊन बसलो होतो. शेजारी एक आजोबा आपल्या आजीचं नाव सापडल्यावर ढसाढसा रडत होते. चौकीदाराने न विचारता टिश्यूचा डबा पुढे सरकवला. रोजचंच असावं.

सगळं_उघडा
मला एक कळत नाही, शंभर वर्षं हा आकडा आला कुठून? अमेरिकेत ७२ वर्षं. कॅनडात ९२. ऑस्ट्रेलियात ९९. म्हणजे अमेरिकन माणसाची अब्रू ७२ वर्षांत शिळी होते आणि इंग्रजाची शंभर वर्षं ताजी राहते? अमेरिकेचा तो ७२ सुद्धा १९५२ साली जनगणना खात्याचा प्रमुख आणि राष्ट्रीय अभिलेखपाल यांच्यातल्या पत्रव्यवहारातून आला, कायद्यात गेला १९७८ मध्ये. १ एप्रिल २०२२ ला त्यांची १९५० ची जनगणना उघडली, तेव्हाची पाच वर्षांची पोरं ७७ ची होऊन स्वतःचंच नाव शोधत बसली. आभाळ कोसळलं का? नाही. गुप्तता वगैरे सगळी सबब आहे, मुळात कोणाला कपाट उघडायचा कंटाळा.

टेम्सकाठी
कंटाळा म्हणता येणार नाही, पण आकडा दगडावरची रेघ नाही हे खरं. इथला शंभराचा नियम १९६६ साली सरकारी आदेशाने पक्का झाला. गंमत १९११ च्या जनगणनेची. तिच्या कायद्यात गुप्ततेचं कलमच नव्हतं, लोकांना नुसतं आश्वासन दिलेलं होतं. माहिती आयुक्तांकडे तक्रार गेली, २००६ मध्ये निकाल उघडण्याच्या बाजूने लागला, आणि २००९ पासून ती लोकांना दिसू लागली. पण एक रकाना तेवढा झाकून ठेवला, २०१२ उजाडेपर्यंत. कोणता? आंधळा, बहिरा, मुका, वेडा, हे लिहायचा. बाकी सगळं उघडं, तेवढी पट्टी झाकलेली. मला ते पटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही.

इंदुरी चटोरा
आमच्याकडून एक जोड. तुमच्या दरबारच्याच शिष्यवृत्तीवर आमच्या महूत जन्मलेले बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला गेले आणि १९१६ ला तिथून लंडनला. अमेरिकेच्या जनगणना १९१० आणि १९२० च्या, म्हणजे ते बरोबर मधल्या फटीत. पण न्यूयॉर्क राज्याची स्वतःची एक मोजणी १९१५ साली झाली होती आणि ती उघडी आहे. शिवाय १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले, म्हणजे जून १९२१ ला इंग्लंडात. कोणी नीट शोधलंय का? आडनावाचं स्पेलिंग काय काय झालं असेल देव जाणे. होळकरांकडून विलायतेला गेलेल्यांचं असं काही करावं म्हणतो. आधी पोहे, मग संशोधन.

निवृत्त बाई (वाडी)
मी इथे फारशी लिहीत नाही. नातवाने धागा दाखवला म्हणून.

मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिक्षिका होते आणि १९८१ ला प्रगणक म्हणून काम केलं. फेब्रुवारीभर शाळा सुटली की पिशवी घेऊन निघायचं, पोळीतले, म्हणजे गल्लीवस्तीतले, जिने चढायचे आणि उतरायचे. २८ तारखेच्या रात्री स्टेशनबाहेर झोपलेल्यांची मोजणी, कारण हिशेब धरायचा तो १ मार्चच्या सूर्योदयाचा.

प्रशिक्षणात आम्हाला कायदा सांगितला होता, १९४८ चा. त्यात एक मजेदार सवलत आहे. घरातल्या बाईचं नाव सांगायची घरच्यांवर सक्ती नाही, आणि रूढीने ज्याचं नाव घ्यायचं नाही ते, म्हणजे नवऱ्याचं, ते सांगायची बाईवर सक्ती नाही. कायदा करणाऱ्यांच्या घरी नक्कीच एखादी जुन्या वळणाची सासू असणार. मला एका आजींनी खरोखर उखाण्यात नाव सांगितलं होतं. नेमके शब्द आता आठवत नाहीत, पण 'सूरसागरच्या पाण्यात दिव्यांची रांग, दारी आली शिरगणती, नाव कसं सांगू सांग' अशा चालीवर काहीतरी. मी म्हटलं, आजी, नाव राहिलं की! त्या म्हणाल्या, ते शेजारणीला विचार.

आता मूळ मुद्दा. एका जिन्यावर तिशीतली एक बाई होती. दारात दोन शेजारणी उभ्या. मी विचारलं, तिने मोठ्याने सांगितलं, "विवाहित." मी लिहिलं आणि निघाले. खालच्या पायरीवर पोचते तोच वरून हाक आली. शेजारणी गेल्या होत्या. म्हणाली, "बेन, तुमच्या कागदावर खरंच लिहायचं असतं ना? कोणी वाचणार नाही ना?" मी म्हटलं, नाही वाचणार. "तर मग ते खोडा. ते सुरतेला दुसरं घर करून बसलेत, चार वर्षं झाली." मी खोडून 'विभक्त' केलं.

तो आकडा खरा पडला, कारण मी शब्द दिला होता. शंभर वर्षांनी चालेल असं मी तिला म्हटलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. तिचं लेकरू तेव्हा कडेवर होतं. २०८१ मध्ये त्याच्या नातवंडांनी ते वाचावं का, हे मी ठरवणारी कोण, आणि तुम्ही तरी कोण?

सगळं_उघडा
बाई, नमस्कार. निरुत्तर झालो नाही, पण खाली बसलो.

पोळीतला पोपट
बाई, लिहीत राहा. तुमच्या नातवाला माझ्याकडून सेव-उसळ.

कायद्याचं बोला
बाईंनी १९४८ चा कायदा काढलाच आहे तर कलम १५ बघा. जनगणना अधिकाऱ्याने केलेलं कोणतंही पुस्तक, नोंदवही, पत्रक पाहण्याचा कोणालाही हक्क नाही. दिवाणी कज्ज्यात ते पुरावा म्हणून चालत नाही. फौजदारीतही नाही, अपवाद फक्त याच कायद्याखालच्या गुन्ह्याचा. आणि किती वर्षं? आकडाच नाही. शंभर नाही, दोनशे नाही. इंग्रजी कायद्यावरून शिकलेल्या आपल्या लोकांनी कुलूप उचललं; तिकडे त्यावर पुढे तारीख पडली, आपल्याकडे पडलीच नाही. म्हणून 'उघडायला उशीर' असं आपल्याला म्हणताच येत नाही. उशीर व्हायला वेळ ठरलेली लागते.

पण हेही बघा. आसाममध्ये १९५१ च्या जनगणनेच्या वेळीच, तिच्यातल्याच माहितीवरून, नागरिकांची नोंदवही उतरवून घेतली. अलीकडे तिथली नवी यादी करताना 'वारसा माहिती' म्हणून तीच १९५१ ची नोंदवही, १९७१ पर्यंतच्या मतदार याद्यांसोबत, लोकांसमोर ठेवली गेली. आजोबांचं नाव त्यात सापडलं तर तुम्ही इथले. म्हणजे घरच्यांनी मोजणीसाठी म्हणून दिलेलं उत्तर साठ वर्षांनी नातवाच्या नागरिकत्वाचा कागद झालं. कोणाला ते तारून गेलं, कोणाला नाही. कुलूप सरकारला हवं तेव्हा उघडतं आणि तुम्हाला हवं तेव्हा उघडत नाही. माझा आक्षेप या दुसऱ्या अर्ध्या भागाला आहे. गुप्ततेला नाही.

अमेरिकेतही १९४२ ला जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकताना जनगणनेचे वस्तीवार आकडे लष्कराला मिळाले होते. नावं नव्हती, गल्ल्या होत्या. तेवढं पुरलं.

मराठवाड्याचा पाहुणा
माफ करा, मध्येच. आमच्याकडे कुणबी नोंदींसाठी सगळे धावताहेत. जुन्या जनगणनेत पणजोबांची नोंद मिळून दाखल्याला उपयोग होईल का?

कोठीतला उंदीर
नाही हो. अहवालात जिल्ह्यात कुणबी किती एवढंच सापडेल, तुमचे पणजोबा त्यातले कोणते ते नाही. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, जुने फेरफार, खासरा पाहणी यांच्या मागे लागा. मोडी असेल तर घाबरू नका, वाचणारे पुष्कळ आहेत. काही चांगले, काही पैसे घेणारे.

सूरसागरकाठची
धागाकर्ती परत आली आहे. सगळ्यांचे आभार, बाईंचे जास्त.

बाईंचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिवलं नाही. मी पणजोबांचं ते पान चार जणांना पाठवताना एकदाही थांबले नव्हते. शंभर वर्षं झाली, कायद्याने उघडं, पैसे मोजले, संपलं, असं डोक्यात होतं. आत्याला मात्र पणजी आठवते. पांढऱ्या लुगड्यातली, पहाटे देवघरात बसलेली. पणजोबा गेल्यावर ती एकोणतीस वर्षं जगली. आत्याचं लहानपण तिच्याच कुशीत गेलं. तिच्यासाठी १९२१ म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नाहीच. माझ्यासाठी आहे.

पण मग सगळं_उघडा यांचंही पटतं. पान उघडलं नसतं तर पणजोबा आम्हाला कोटासकट पुराणपुरुषच राहिले असते.

सगळं_उघडा
मी माझं थोडं सुधारून घेतो. मधला रस्ता आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी नावाची पत्रकं नष्टच करत. २००१ पासून त्यांनी प्रश्न टाकला: तुमचं पान ९९ वर्षांनी उघडलेलं चालेल का? निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. कॅनडात जुन्या जनगणनांवरून मोठा वाद झाला, शेवटी २००५ ला कायदा करून १९११ ते २००१ च्या ९२ वर्षांनी उघडायच्या ठरल्या, आणि २००६ ते २०१६ च्या मोजण्यांत माणसालाच विचारलं. बाईंनी तिला विचारलं नव्हतं, तर पुढच्या प्रगणकाने विचारावं. एक खूण करायची, हो किंवा नाही. कोणाचा शब्द मोडायला नको.

कायद्याचं बोला
सूचना चांगली आहे, पण २०२७ ची मोजणी मोबाइलवर होणार, माणसाला स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय असणार, आणि जातही विचारणार. सरसकट सगळ्यांची जात याआधी १९३१ लाच मोजून छापली होती. कागद जागा खायचे म्हणून फेकले. संगणकाच्या फायलीला अडगळ म्हणून कोणी फेकत नाही. तेव्हा ठेवायचं की नाही हा प्रश्न निकालात निघाला असं धरा. कोण, कधी, कशासाठी बघणार, हा उरतो. त्याला कलम १५ पुरणार नाही, कारण त्यात 'कधी' हा शब्दच नाही. गुप्तता हवी असेल तर तारीख हवी. तारीख नसलेल्या गुप्ततेवर कोणाचा विश्वास राहत नाही.

निवृत्त बाई (वाडी)
जात कोण कोणाला खरी सांगेल ते बघू. आमच्या वेळी भाषा विचारली तरी पोळीत अर्ध्या लोकांनी "बराबर मराठी लिहा, पण पोरं गुजराती बोलतात" असं सांगितलं होतं. त्याला रकाना नव्हता.

कोठीतला उंदीर
धागाकर्तीला उपयोगाचं काही सांगतो. बडोद्यात जनगणनेऐवजी बाकीचे कागद भरपूर आहेत. कोठी कचेरीतलं दफ्तर, हुजूर कचेरीचे हुकूम. आज्ञापत्रिका पाहा, ते संस्थानाचं गॅझेट, नेमणुका-बदल्या त्यात येत. शिष्यवृत्तीचा करारनामा झाला म्हणजे कुठेतरी प्रकरण असणार, आणि प्रकरण असलं की त्यात अर्ज असणार, अर्जात माणूस स्वतःबद्दल स्वतः लिहितो. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांची वहीही बघा. विलायतेहून आल्यावर प्रायश्चित्त घेतलं असेल तर तिथे हमखास सही. खरं सांगू का, उपाध्या शंभर वर्षं थांबायला लावत नाही, दक्षिणा घेतो आणि आडनाव, गाव विचारून पाच मिनिटांत पणजोबा काढून देतो. त्याच्या वहीतही विवाहित-अविवाहित असतं.

टेम्सकाठी
एक राहिलं, आणि तेच महत्त्वाचं. सूरसागरकाठची, ते पान पुन्हा उघडा आणि खाली सही कोणाची ते पाहा. १९२१ चं पत्रक घरातल्या कर्त्याने भरायचं होतं, सहीही त्याचीच. म्हणजे तुमच्या पणजोबांची ओळ बहुतेक त्या विधवा घरमालकिणीने भरली. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर, चष्मा लावून. बोर्डरला बोलावून विचारलं असेल, किंवा नसेलही. 'कॉलेजात शिकणारा काळासावळा मुलगा, एकटाच राहतो, अविवाहित' असं धरून चालली असेल. आडनावाची वाट का लागली तेही यावरून समजतं. बडोद्याचं आडनाव लँकेशायरच्या कानांनी ऐकून लिहिलंय.

पोळीतला पोपट
अरे व्वा! शंभर वर्षांनी जामीन.

सूरसागरकाठची
टेम्सकाठी, सही तिचीच आहे!! मी इतके दिवस फक्त पणजोबांच्या ओळीकडे बघत होते, खाली नजरच गेली नाही.

काल संध्याकाळी ते चित्र छापून घेतलं आणि सरळ आत्याच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने दार उघडलं, काही बोलली नाही, पाणी आणून ठेवलं. मी कागद पुढे केला. तिने आत जाऊन पितळी डबा आणला. त्यात पणजोबांनी मँचेस्टरहून पणजीला धाडलेली तीन पोस्टकार्डं. हा डबा आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. मजकूर मोडीत, पण पत्ता इंग्रजीत, त्यांच्या हातचा. 'बडोदा' मधला बी आम्ही पानावरच्या बीशी ताडून पाहिला. वेगळा. पोस्टकार्डावरचा बी दोन पोटं सुटलेला आणि तोल जाणारा, पानावरचा सरळ, शिस्तीचा, शाळेत गिरवलेला. ओळ त्यांची नाहीच.

आत्या बराच वेळ चष्मा पुसत होती. मग म्हणाली, "चला, त्याने नाही लिहिलं." मला हायसं वाटलं. मी डबा बंद करायला घेतला, तर ती म्हणाली, "थांब. त्या बाईच्या घरात तो दोन वर्षं जेवत होता. दोन वर्षांत तिला एकदाही बायकोमुलीबद्दल बोलला नाही का?"

पोस्टकार्डांचा मोडी मजकूर आम्हा दोघींना वाचता येत नाही. उंदीरराव, शनिवारी वेळ आहे का? आत्या म्हणते, आधी तुम्ही एकट्याने वाचायचं, आणि सगळं सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवायचं.